पायथागोरसची तार घरी लावताना: एक फळी, दोन तारा आणि पाण्याचा कॅन

पायथागोरस एका लोहाराच्या दुकानावरून चालला होता. आत हातोडे पडत होते आणि त्यांचे आवाज एकमेकांशी सुरेल जुळत होते. तो आत शिरला, हातोडे तोलले, तर वजनं निघाली १२, ९, ८ आणि ६. मग त्याने घरी सारख्या तारांना तेवढीच वजनं टांगली आणि तेच स्वर पुन्हा ऐकले. ही गोष्ट इ.स. १०० च्या सुमारास गेरासा गावच्या निकोमाखसने लिहून ठेवली. सहाव्या शतकात बोएथियसने ती लॅटिनमध्ये आणली आणि पुढे युरोपभर संगीतशास्त्र शिकणारा प्रत्येक जण ती वाचत राहिला.

गोष्ट खोटी आहे. एका तारेला ६ किलो आणि तशाच दुसऱ्या तारेला १२ किलो टांगलं तर गोष्टीप्रमाणे षड्ज (सा) आणि तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) मिळायला हवेत, पण मिळत नाहीत. मिळतो तीव्र मध्यम. हे तपासायला फार काही लागत नाही, तरी ते चूक आहे असं छापून सांगितलं व्हिन्चेन्झो गॅलिलीने, १५८९ मध्ये. हा फ्लॉरेन्सचा ल्यूटवादक, गॅलिलिओचे वडील. म्हणजे जवळजवळ पंधराशे वर्षं विद्वानांनी ही गोष्ट एकमेकांना सांगितली आणि वजनं टांगून तार छेडायचे कष्ट घेतले नाहीत.

गंमत म्हणजे १२, ९, ८, ६ हे आकडे बरोबर आहेत. ते फक्त चुकीच्या गोष्टीला चिकटवले गेले. ते तारेच्या लांबीचे आकडे आहेत. निसर्गातला एखादा गुण नुसत्या संख्यांत बांधता येतो, हे माणसाला बहुधा पहिल्यांदा इथेच कळलं, म्हणून भौतिकशास्त्राचा उगम शोधणारे या तारेपाशी येऊन थांबतात. खाली दिलेला प्रयोग एका सुट्टीच्या दुपारी होतो. सगळं मिळून खर्च एका बऱ्या पुस्तकाइतका.

श्रेय कोणाचं, हे आधी मिटवून टाकू. पायथागोरस इ.स.पू. सहाव्या शतकातला, सामोस बेटावर जन्मलेला आणि पुढे दक्षिण इटलीतल्या क्रोटोनमध्ये स्थायिक झालेला. त्याने स्वतः लिहिलेलं एक अक्षरही उरलेलं नाही. तार षड्ज, पंचम आणि मध्यम यांची २:१, ३:२, ४:३ ही गुणोत्तरं लेखी सापडतात ती इ.स.पू. पाचव्या शतकातल्या फिलोलाऊस या पायथागोरसपंथी विचारवंताच्या एका उताऱ्यात. त्याच्याही हजाराहून अधिक वर्षं आधी, आजच्या इराकमधल्या उर गावच्या मातीच्या पाटीवर, तंतुवाद्य लावताना कोणती तार सैल करायची आणि कोणती ताणायची याच्या सूचना कोरलेल्या आहेत. पण त्यात लांबीची मापं नाहीत. वाद्य सुरात लावणं जुनं, मोजणं त्या मानाने नवं.

सामान

९० सेमी लांब, १० ते १२ सेमी रुंद आणि निदान अडीच सेमी जाड अशी फळी घ्या. देवदार चालेल, सागवान असेल तर उत्तम. प्लायवूड नको, आवाज मरतो. गिटारच्या पहिल्या तारेसाठी मिळते ती दहा नंबरची साधी पोलादी तार दोन घ्या. हिचा व्यास सुमारे ०.२५ मिमी असतो आणि एका टोकाला पितळी मणी बसवलेला असतो, त्यामुळे त्या बाजूला गाठ मारायची कटकट नाही. गिटारचीच एक सुटी खुंटी. कपड्यांच्या दोरीला लावतात तसली एक छोटी कप्पी, सहज फिरणारी. ॲल्युमिनियमच्या एल आकाराच्या पट्टीचा तुकडा. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा. स्क्रू, कागद, आणि डोळ्यांवर चष्मा. ताणलेली तार तुटली की चाबकासारखी उलटते, म्हणून चष्म्याच्या बाबतीत सवलत नाही.

फळी तयार करणं

एल पट्टीचे फळीच्या रुंदीइतके दोन तुकडे कापा आणि कोपरा वर येईल असे, म्हणजे छपरासारखे, फळीवर आडवे बसवा. या तुमच्या दोन पक्क्या घोड्या. पहिली डाव्या कडेपासून ८ सेमीवर, दुसरी ८० सेमीवर. मोजायचं ते धारेपासून धारेपर्यंत, आणि हे अंतर नेमकं ७२ सेमी आलं पाहिजे. पूर्ण लेखात घाई न करण्याची जागा हीच.

७२ का? कारण त्याचा अर्धा भाग ३६, दोनतृतीयांश ४८, पाऊणपट ५४ आणि आठनवमांश ६४. सगळे पूर्ण आकडे, अपूर्णांकांची कटकट नाही. शिवाय ७२, ५४, ४८, ३६ या प्रत्येकाला ६ ने भागा. १२, ९, ८, ६. लोहाराचे हातोडे इथे लपले होते.

डाव्या कडेला दोन स्क्रू, एकमेकांपासून तीन-चार सेमी अंतरावर. दोन्ही तारांचे मणी त्यांत अडकवा. एक तार उजवीकडे खुंटीला गुंडाळा. दुसरी फळीच्या उजव्या कडेला बसवलेल्या कप्पीवरून खाली सोडा आणि तिच्या टोकाला हूक बांधा. पोलादी तार साध्या गाठीत सरकते, म्हणून हुकातून दोनदा ओवून स्वतःभोवतीच सहा-सात पीळ द्या. तार आखूड पडली तर पुढे न ताणणारी मजबूत दोरी जोडा. फळी टेबलाच्या काठाला दोन शिकंज्यांनी आवळा. टेबल पोकळ खोक्याचं असेल तर आवाज मोठा येतो.

यातली खुंटीची तार एकदा लावली की हलवायची नाही. कप्पीची तार मात्र सतत बदलायची. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी श्रुती, म्हणजे स्वरांमधली सूक्ष्म अंतरं, दाखवण्यासाठी दोन वीणा घेतल्या, एक ध्रुव, एक चल. त्यांनी लांबी मोजली नाही, सगळं कानावर. पण एक स्थिर आणि एक बदलतं ठेवून तुलना करायची ही युक्ती आजच्या कुठल्याही प्रयोगशाळेला शोभेल अशी आहे, म्हणून नावंही तीच ठेवू: ध्रुव तार आणि चल तार.

राहिली सरकती घोडी. लाकडाचा अडीच सेमी रुंद त्रिकोणी तुकडा तासून घ्या, फक्त चल तारेखाली मावेल एवढा. उंची पक्क्या घोड्यांपेक्षा एक ते दीड मिमी जास्त, याहून अधिक नाही. जास्त उंच झाली तर तार वर उचलली जाऊन जादा ताणली जाते, आणि तुम्ही लांबी मोजताय असं समजून प्रत्यक्षात ताणही बदलत असता. तपासणी सोपी आहे. घोडी ३६ वर ठेवा आणि दोन्ही बाजू छेडा. दोन्हीकडचा स्वर एकच आला पाहिजे. मग घोडी काढा, ३६ वर बोट फक्त टेकवा, तार छेडून लगेच बोट उचला. तार षड्ज शिळेसारखा बारीक वाजेल. तो आणि घोडी ठेवून आलेला स्वर जुळले तर तुमची घोडी बरोबर आहे.

दोन तारांच्या मधोमध सेंटिमीटरची कागदी पट्टी चिकटवा, शून्य डाव्या घोडीच्या धारेवर. आणि तिच्यावर दुसरा कोरा कागद टाकून आकडे झाका. का, ते लगेच कळेल.

पहिला प्रयोग: आधी कान, मग पट्टी

कॅन रिकामा तोला, मग पाणी भरत एकूण वजन ४ किलो करा आणि हुकाला लावा. खाली उशी ठेवा, पाय दूर. तार हलकी छेडली की सुमारे २१८ हर्ट्झ (सेकंदाला २१८ कंपनं) मिळायला हवेत, पेटीवरच्या मंद्र सप्तकातल्या पांढरी सहाच्या आसपास. फोनवरच्या ट्यूनर ॲपमध्ये दहा हर्ट्झ इकडेतिकडे दिसले तर काळजी नको, कप्पीचं घर्षण आणि तारेची नेमकी जाडी यांचा तो फरक.

ध्रुव तार खुंटी पिळून चल तारेशी मिळवा. दोन्ही एकदम छेडल्यावर आवाज ‘वाँव-वाँव’ असा खालीवर होतो. ते विस्पंद. सेकंदाला एक विस्पंद म्हणजे दोन स्वरांत एक हर्ट्झचा फरक. विस्पंद मंदावत पूर्ण थांबले की तारा जुळल्या. तंबोरा लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

आता सरकती घोडी चल तारेखाली घाला. वाजवायची ती घोडीच्या डावीकडची बाजू, उजवीकडच्या भागावर बोट ठेवून तो मुका करा. ध्रुव तार षड्ज देत राहील. घोडी हळूहळू सरकवत पंचम शोधा. आकडे झाकलेले आहेत, त्यामुळे ४८ आठवून हात तिकडे ओढला जाण्याची सोय नाही. पंचम जवळ आला की पुन्हा विस्पंद ऐकू येतील, कारण षड्जाचा तिसरा अंश (त्याच तारेत दडलेला, मूळ कंपनांच्या तिप्पट वेगाचा बारीक स्वर) आणि पंचमाचा दुसरा अंश (दुप्पट वेगाचा) इथे एकत्र येतात, ६५४ हर्ट्झच्या जवळपास. घोडी एक मिलिमीटर चुकली तरी सेकंदाला सव्वाएक विस्पंद पडतो. एक मिलिमीटर कानाने ओळखता येतो! इतकं नाजूक मापक, आणि तेही प्रत्येकाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना.

जागेवर पेन्सिलीची खूण करा. मग मध्यमाची, मग तार षड्जाची. तिन्ही झाल्या की कागद उचला. खुणा ४८, ५४ आणि ३६ वर असतील. मध्यम आणि पंचम यांच्यातलं अंतर ५४ ला ४८, म्हणजे ९:८. फिलोलाऊस ज्याला स्वरातलं पूर्ण पाऊल मानतो ते हेच. सतराव्या शतकात पंडित अहोबलांनी वीणेवर स्वरांच्या जागा लांबीने सांगितल्या तेव्हा तार षड्ज तारेच्या मध्यावर आणि पंचम तीन भागांच्या हिशेबाने ठेवला. ग्रीकांचं ऐकून नव्हे. तार तिथेच पंचम देते.

गंधार कुठे ठेवायचा?

इथवर सगळ्यांचं एकमत. भांडण इथून सुरू होतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रयोगातला हा सगळ्यात चविष्ट भाग.

पायथागोरसच्या पंथाला फक्त २ आणि ३ या आकड्यांवर सगळं उभारायचं होतं. पंचमाचा पंचम घ्या: ४८ चे दोनतृतीयांश ३२, सप्तक खाली आणण्यासाठी दुप्पट, ६४. हा रिषभ. ६४ चे दोनतृतीयांश ४२.६७, धैवत. त्याचा पुन्हा पंचम घेऊन खाली आणला की ५६.८९, हा गंधार. घोडी तिथे ठेवा आणि ध्रुव तारेबरोबर वाजवा. कुरकुर ऐकू येते का?

आता घोडी ५७.६ वर न्या, म्हणजे ७२ चे चारपंचमांश. कुरकुर थांबते. नीट लावलेल्या तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार तो हाच, षड्जाचा पाचवा अंश. दोन खुणांमध्ये जेमतेम सात मिलिमीटर आहेत, गुणोत्तर ८१:८०. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने दुसऱ्या शतकात आकड्यांवर हटून बसणारे पायथागोरसपंथी आणि फक्त कानावर भिस्त ठेवणारे, दोघांनाही बाजूला सारलं. त्याचं म्हणणं, गणिताने मांडा आणि मग अशाच मोजपट्टीच्या तारेवर वाजवून तपासा. ५:४ चा गंधार त्याच्या स्वरसप्तकात आहे.

आणि पेटीचा गंधार? तो ५७.१५ वर पडतो, दोघांच्या मधे, कोणाचाच नाही. पेटीवर रागदारीला आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा मोजपट्टीवर पाहायचा तर हा साडेचार मिलिमीटरचा आहे. महाराष्ट्रात या मापांच्या मागे कृष्णाजी बल्लाळ देवल लागले होते. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेवर बावीस श्रुती मोजून मांडल्या, आणि त्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची व क्लेमेंट्स या इंग्रज आयसीएस अधिकाऱ्याची साथ होती. त्यांचे निष्कर्ष सगळ्यांना पटले नाहीत. पण वाद निदान सेंटिमीटरमध्ये आला.

आवड असेल तर पंचमाचे पंचम घेत बारा वेळा पुढे जा आणि सात सप्तकं खाली आणा. षड्जावर परत यायला हवं, ७२ वर. तुम्ही पोचता ७१.०३ वर. जवळजवळ एक सेंटिमीटर कमी पडतो आणि तो कोणत्याही युक्तीने भरून येत नाही, कारण ३ चा कोणताही घात २ च्या घाताइतका होऊ शकत नाही.

दुसरा प्रयोग: लोहाराची गोष्ट तपासू

सरकती घोडी काढून टाका. कॅनमध्ये पाणी इतकंच ठेवा की एकूण वजन १ किलो भरेल. खुंटी सैल करून ध्रुव तार चल तारेशी मिळवा. दोन्ही आता साधारण १०९ हर्ट्झवर असतील. तारा सैल असल्याने अगदी हलक्या हाताने छेडा, जोरात छेडलं की सुरुवातीचा स्वर चढा येतो.

कॅन २ किलो करा. निकोमाखसच्या म्हणण्याप्रमाणे आता तार षड्ज यायला हवा. छेडा. तीव्र मध्यम येईल, १५४ हर्ट्झच्या आसपास. दीड किलोवर पंचमाऐवजी कोमल आणि शुद्ध यांच्या मधला, नाव नसलेला एक गंधार. आता पाणी भरत जा आणि कानाने खरा पंचम पकडा, मग काटा वाचा: सव्वादोन किलो. तार षड्जासाठी ४ किलो. मध्यमाला १.७८ किलो. लांबीला ३:२ लागतात तिथे वजनाला ९:४ लागतात, २:१ च्या जागी ४:१. व्हिन्चेन्झोने सांगितलं ते हेच. वजन चौपट केलं तर कंपनं दुप्पट.

कप्पी इथे फसवू शकते. प्रत्येक वेळी वजन बदललं की कॅन हाताने किंचित उचलून सोडा, घोड्यांजवळ तारेवर बोटाने टिचक्या मारा, म्हणजे अडकलेला ताण मोकळा होतो. एकदा पाणी भरत आणि एकदा उपसत, अशा दोन्ही बाजूंनी त्याच स्वरावर या आणि दोन वाचनांची सरासरी घ्या. बारावीच्या प्रात्यक्षिकात सोनोमीटरवर भराभर आकडे लिहिलेल्यांनी हा भाग शांतपणे पुन्हा करावा. तिथे नियम आधी छापलेला असतो आणि निरीक्षणं त्याला जुळवली जातात. इथे उलट करा.

जाडीचा प्रयोग पटकन उरकता येईल. चल तार काढून सतरा नंबरची साधी तार लावा, वजन तेच ४ किलो. व्यास १.७ पट, स्वर १.७ पट खाली: १२८ हर्ट्झच्या जवळ. खर्जाची तार जाड का, याचं उत्तर एवढंच.

लांबी, ताण आणि तारेचं वजन, या तिन्हींचा एकत्र नियम पॅरिसच्या मारँ मेर्सेनने १६३६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्याकडे ट्यूनर ॲप नव्हतं. त्याने शंभर फुटांहून लांब तारा ताणल्या, ज्यांची कंपनं डोळ्यांनी मोजता येतील इतकी संथ होती, आणि तिथून हिशेबाने छोट्या तारेपर्यंत आला. ‘उंच स्वर म्हणजे जलद कंपन’ हे तेव्हा मोजून सिद्ध झालं. त्याआधी इ.स.पू. चौथ्या शतकात टॅरेंटमचा आर्किटस बरोबर दिशेने गेला होता की स्वराचा संबंध गतीशी आहे. पण त्याला वाटलं उंच स्वर कानापर्यंत लवकर पोचतो. तसं असतं तर लांबून ऐकलेली मैफल विस्कटलेली ऐकू आली असती.

तिसरा प्रयोग: कागदाचे स्वार

चल तारेवर पुन्हा दहा नंबर, वजन ४ किलो. कागदाचे बोटभर तुकडे मधोमध दुमडून तारेवर १२, ३६, ४८ आणि ६० सेमीवर बसवा. २४ वर डाव्या हाताचं बोट हलकं टेकवा आणि १२ च्या स्वाराच्या डावीकडे तार छेडा. तीन स्वार उडतील. ४८ वरचा बसून राहील. तार तीन तुकड्यांत कंप पावतेय आणि २४ व ४८ हे तिचे निस्पंद बिंदू आहेत. ऑक्सफर्डमध्ये केलेलं असंच निरीक्षण जॉन वॉलिसने १६७७ मध्ये छापलं. न उडालेला कागद हा पुरावा म्हणून इतका बोलका आहे की मुलांसमोर सुरुवात याच प्रयोगाने करावी, गंधाराच्या वादाने नव्हे.

चौथा: जवारी

शेवटचा प्रयोग सगळ्यांत नाजूक: घोडीच्या किंचित गोलाईमुळे तंबोऱ्याला येणारा खुला नाद, म्हणजे जवारी, आपल्या तारेवर आणायची. स्वार काढा. चल तार बरोबर ३६ वर छेडा आणि लगेच त्याच जागी बोट हलकं टेकवा. आवाज विझतो. मध्यावर छेडलेल्या तारेत फक्त विषम अंश असतात आणि मध्यावरचा स्पर्श नेमका तेवढेच मारतो, हा थॉमस यंगने १८०० मध्ये सांगितलेला नियम.

आता डाव्या बाजूला चल तारेखाली, पक्क्या घोडीला टेकून, दोन सेमी रुंद आणि माथ्याला अगदी किंचित गोलाई दिलेला कठीण लाकडाचा तुकडा बसवा, तंबोऱ्याच्या घोडीसारखा. त्याचा माथा धारेपेक्षा केसभर वर हवा, म्हणजे तार त्याच्यावरून निघते. गोलाई बारीक पॉलिश पेपरने घासत आणा. तार आणि लाकूड यांच्यामध्ये सुती दोरा सरकवत राहा. एका जागी आवाज एकदम खुलतो. मिरजेचे कारागीर कानसेने जवारी काढतात तेव्हा केसाएवढ्या याच फरकासाठी दिवस घालवतात, त्यामुळे तुमच्या पहिल्या दुपारी ती अर्धवट जमली तरी पुष्कळ झालं.

जमली की मध्यावर छेडून पुन्हा मध्यावर बोट टेकवा. तार षड्ज वाजत राहतो. यंगच्या नियमाने जो अंश तारेत असायलाच नको तो ऐकू येतोय, कारण कंप पावताना तार घोडीच्या उतारावर टेकते, सुटते, आणि समअंश तिथेच जन्म घेतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर हेच दाखवून दिलं. बोट टेकवताना नेमकं मध्यावरच टेकतंय ना, एवढं मात्र दोन-तीनदा पाहून घ्या: साध्या घोडीवर तो ३६ वर असतो, जवारीच्या तुकड्यावर मात्र तार जिथून सुटते तिथपासून उजव्या घोडीपर्यंतचा मध्य धरा. दोन मिलिमीटर सरकलं तरी साध्या घोडीवरही थोडा आवाज उरतो आणि मग निष्कर्ष हातातून निसटतो.